गवत कोण कापणार? डहाणू-तलासरीतले दोन दबाव गट

मागच्या भागात आपण वॉशिंग्टनच्या लॉबीबद्दल बोललो. जेम्स मॅडिसनने १७८७ मध्ये मांडलं होतं की देश मोठा असला की गटही पुष्कळ असतात आणि ते एकमेकांना आवरतात. १९६५ मध्ये मॅन्कर ओल्सन या अर्थतज्ज्ञाने त्यातली गोम दाखवली. लहान गट पटकन संघटित होतो, मोठा होत नाही. साखर महाग झाली तर मूठभर उत्पादकांना घसघशीत फायदा, म्हणून ते धावपळ करतात. कोट्यवधी गिऱ्हाइकांना चार पैशांचा भुर्दंड, म्हणून कोणीच उठत नाही.

हे गणित मला आपल्या डहाणू-तलासरीत तपासून बघायचंय. साल १९४५. तेव्हा तलासरीचा भाग ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होता. १९६० मध्ये उंबरगाव गुजरातेत गेलं, तलासरी महाराष्ट्रात राहिली.

लहान गट कोण? जमीनदार, सावकार, जंगलाचे ठेकेदार. मोठा गट वारल्यांचा. जमीनदाराच्या शेतावर त्यांना फुकट राबावं लागे, ती वेठ. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही त्याच्या घरी बांधले जात, ते लग्नगडी. आणि मत? तेव्हा मताचा हक्क मालमत्ता आणि शिक्षणावर होता, म्हणजे बहुतेक वारल्यांना तो नव्हताच. आमदाराला पत्र लिहा, निवडणुकीत बघून घेऊ, यातलं काहीच शक्य नव्हतं.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे उंबरगावचे काही वारली गेले होते. मग शामराव आणि गोदावरी परुळेकर या भागात आले आणि २३ मे रोजी झरी गावात सभा भरली. सुमारे पाच हजार माणसं आली. ठराव अगदी साधे होते. वेठ करायची नाही. जमीनदाराच्या शेतावर जायचं तर रोज बारा आणे, रोख. कोणाला मारहाण झाली तर सगळ्यांनी मिळून उभं राहायचं. ओल्सनची अडचण या शेवटच्या ठरावाने सोडवली असं मला वाटतं, कारण एकटं पडायची भीतीच माणसाला घरी बसवत होती.

पण खरी पकड सापडली ती गवतात. पावसाळा संपला की इथलं गवत कापून, वाळवून मुंबईच्या तबेल्यांकडे जायचं. गवत थांबत नाही. वेळेत कापलं नाही तर मालकाचा वर्षाचा धंदा गेला. ऑक्टोबरात वारल्यांनी पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये मागितले आणि विळे खाली ठेवले.

आता लहान गटाचा डाव बघा. त्यांच्याकडे संख्या नव्हती, पण कलेक्टर आणि पोलिसांपर्यंत वाट होती. प्रांतात तेव्हा निवडून आलेलं मंत्रिमंडळही नव्हतं, कारभार गव्हर्नरच्या हातात. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, अशी खोटी हूल उठवून वारल्यांना तलवाड्याला गोळा केलं गेलं आणि पोलिसांना सांगितलं की हे दंगलीसाठी जमलेत. १० ऑक्टोबरला गोळीबार झाला. पाच जण गेले, त्यात जेठ्या गांगड. बाईंवर हल्ला होऊ नये म्हणून आलेल्या माणसांवर गोळ्या चालल्या, हे वाचताना अजून अंगावर काटा येतो.

संप मात्र मोडला नाही. बऱ्याच मालकांना अडीचचा दर मानावा लागला.

पुढच्या वर्षी जंगलतोडीचा संप. मागणी किमान सव्वा रुपया रोज. तोवर बाळासाहेब खेरांचं काँग्रेस सरकार आलं होतं, गृहखातं मोरारजी देसाईंकडे. सरकार निवडून आलेलं, तर ते मध्यस्थी करेल असं वाटेल ना? त्याने परुळेकरांना जिल्ह्यातून हद्दपार केलं. आणि मजा अशी की नोव्हेंबर १९४६ मध्ये लाकूड व्यापाऱ्यांच्या संघटनेनेच किसान सभेशी करार केला. लाकूड जंगलात पडून राहिल्याचा तोटा मंत्र्यांचा नव्हता, व्यापाऱ्यांचा होता.

मॅडिसनचे गट एकमेकांना आवरतात ते असे, पण त्याआधी पाच माणसं मेली होती. आणि त्यांचा गट सरकारदरबारी गटच धरला जात नव्हता, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न धरला जात होता. अमेरिकेत सरकारकडे गाऱ्हाणं मांडायचा हक्क घटनेच्या पहिल्याच दुरुस्तीत आहे, १७९१ पासून. तिथल्या कामगार संघटनांनाही तो कागदावरून रस्त्यावर आणायला शंभरेक वर्षं लागली, तो पुढच्या भागाचा विषय.

किसान सभा इथे अजून आहे. डहाणूची विधानसभेची जागा २०१९ आणि २०२४ मध्ये माकपच्या विनोद निकोले यांनी जिंकली. तलवाड्याच्या हुतात्म्यांसाठी दर १० ऑक्टोबरला तलासरीत लाल झेंडे घेऊन माणसं जमतात. त्या दिवसांत गवत कापायला आलेलं असतं.