पाटील, नारायण नागू

(१८९२–१९६८). कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यातील शेतकरी-चळवळीचे अग्रणी, चरी येथील शेतकरी संपाचे प्रवर्तक व ‘कृषीवल’ या पत्राचे संस्थापक. आप्पासाहेब या नावाने ते जिल्ह्यात ओळखले जात. अलिबाग तालुक्यातील पेझारी येथील आगरी पाटील घराण्यातील हे गृहस्थ. आगरी समाज भातशेती, मिठागरे व खाडीची मासेमारी या तीन व्यवसायांवर जगणारा. उरणपासून रोह्यापर्यंत आणि पनवेल तालुक्यात रोडपाली, कळंबोली, तळोजे अशा खाडीकाठच्या गावांत तो पसरलेला आहे. पाटलांच्या कार्याचे स्वरूप समजण्यासाठी या भूप्रदेशातील जमिनीची घडण प्रथम लक्षात घेतली पाहिजे.

किनाऱ्यालगतची बरीचशी भातजमीन ही मूळची खाजण होय. भरतीचे पाणी बांध घालून रोखावयाचे, उघाडीतून ओहोटीच्या वेळी आतील पाणी बाहेर सोडावयाचे आणि काही वर्षांच्या पावसाने मीठ धुपून गेल्यावर तेथे भात लावावयाचे, अशी खार जमिनीची पद्धत आहे. बांध फुटला, की एका रात्रीत शेत पुन्हा खाडीत जमा होते. त्यामुळे बांधबंदिस्तीचे काम एकट्याने होण्यासारखे नसते. साऱ्या गावाने मिळून ते करावे लागते. जुन्या ‘शिलोत्री’ पद्धतीत बांधाच्या देखभालीची जबाबदारी प्रमुख धारकावर असे व त्यासाठी कुळांकडून जादा धान्य घेतले जाई. पुढे धान्य घेणे राहिले. प्रत्यक्ष चिखल उपसण्याचे काम मात्र पुष्कळ ठिकाणी कुळांच्याच अंगावर आले.

खोत हा मूळचा गावचा वसूल गोळा करणारा वंशपरंपरागत अधिकारी. इंग्रजी अमलात १८८० च्या खोती कायद्याने त्याच्या हक्कांना निश्चित रूप मिळाले. परंतु लोकव्यवहारात मोठा जमीनमालक आणि धान्याचा सावकार यांनाही खोतच म्हटले जाई, आणि संपकऱ्यांच्या बोलण्यातील ‘खोत’ हा शब्द याच व्यापक अर्थाने घ्यावयास हवा. पिकाचा निम्मा वाटा हा बोलीचा भाग होता. प्रत्यक्षात खळ्यावर हिशेब वेगळाच होई. पावसाळ्यात घेतलेल्या खावटीची दिढीने परतफेड, बियाण्याचे व्याज, बांधावरील भाजी व भातामागून घेतलेल्या वालाचा हिस्सा, खोताच्या घरची वेठ हे सर्व वजा जाता कुळाच्या कणगीत पुढील आषाढापर्यंत पुरेल एवढेही भात उरत नसे. याहून जाचक गोष्ट ही, की दप्तरात कुळाचे नाव नसे. तीन पिढ्या एकच खाचर कसणारा शेतकरीही कागदोपत्री एका सालाचा कसणारा ठरे, आणि पुढच्या साली त्याला काढून टाकण्यास खोताला कारण द्यावे लागत नसे. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत भाताचे भाव कोसळले, तेव्हा ही व्यवस्था कुळांना असह्य झाली.

याच सुमारास पाटील व अनंतराव चित्रे यांनी जिल्ह्यात शेतकरी परिषदा भरविण्यास आरंभ केला. चित्रे हे १९२७ च्या महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहातील एक प्रमुख संयोजक. त्यांच्यामुळे कुळांचा प्रश्न आणि अस्पृश्यांचा प्रश्न या दोहोंचा सांधा प्रथमपासून जुळलेला राहिला. सरकारने या दोघांवर भाषणबंदी जारी केली. ती उठल्यावर सभांना पुन्हा जोर आला. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे झालेल्या सभेत खोतांची जमीन न कसण्याचा निर्णय जाहीर झाला. कुळांनी खोतांना कबुलायती लिहून देऊ नयेत, वेठ व जादा उकळणी बंद व्हावी, व्याजाचा दर खाली यावा आणि जमीन कसणाऱ्याची कूळ म्हणून दप्तरी नोंद व्हावी, या त्यामागील मुख्य मागण्या होत. पंचवीस गावे संपात सामील झाली.

शेतकऱ्यांच्या भारतीय लढ्यांत या संपाचे स्थान काहीसे निराळे आहे. १९२८ चा बार्डोलीचा लढा जमीनधारकांनी सरकारी साऱ्याविरुद्ध दिला. तेथे लढणाऱ्याच्या पाठीशी निदान सातबाऱ्यासारखा काही आधार होता आणि देशातील सर्वांत मोठी राजकीय संघटना होती. चरीच्या कुळांपाशी यांपैकी काहीच नव्हते. कारखान्यातील संपात कामगार उत्पादन थांबवितो. येथे कुळाने नांगर खाली ठेवला, की त्याचे स्वतःचे अन्नच थांबत होते, आणि रिकामी जमीन खोताने दुसऱ्या कुळास दिली, तर ती कायमची हातची जाण्याचा संभव होता. म्हणून संपाचे खरे बळ आसपासच्या गावांनी ती जमीन न उचलण्यात होते. जातपंचायतीची जुनी बंधने आणि बांधावर एकत्र काम करण्याची सवय या ठिकाणी संघटनेच्या उपयोगी पडली, असे मानण्यास जागा आहे. जमिनी पडीक राहिल्या, त्या सुमारे सहा वर्षे. या काळात कुटुंबे डोंगरातील लाकूडफाटा विकून, खाडीतील मासळीवर आणि मिळेल त्या मजुरीवर जगली. स्त्रियांचा यातील वाटा मोठा होता. मात्र नेत्यांच्या चरित्रांत त्याची दखल फार थोडी घेतली गेली आहे.

डिसेंबर १९३४ मध्ये चरी येथे भरलेल्या कुलाबा जिल्हा शेतकरी परिषदेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित राहिले व त्यांनी संपास पाठिंबा दिला. १९३६ मध्ये त्यांनी स्थापिलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या कार्यक्रमात खोती-निर्मूलनाला महत्त्वाचे स्थान मिळाले, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत त्यांनी खोती नष्ट करण्यासंबंधीचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकऱ्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्यापुढे मागण्या ठेवण्यात आल्या. विधेयक मंजूर झाले नाही. तथापि आगरी, कुणबी व महार कुळे एका मागणीसाठी एकत्र आली, ही घटना त्या काळच्या कोकणात सामान्य नव्हती. पाटलांनी आपल्या समाजाची प्रतिष्ठा पणाला लावून ती घडवून आणण्यास हातभार लावला.

‘कृषीवल’ : संप चालू असतानाच, १९३७ मध्ये, पाटलांनी ‘कृषीवल’ हे पत्र काढले. मराठीत शेतकऱ्याच्या बाजूने बोलणारी पत्रकारिता त्यापूर्वी रुजलेली होती. सत्यशोधक परंपरेतील कृष्णराव भालेकरांचे ‘दीनबंधु’ १८७७ मध्ये निघाले आणि पुढे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते चालविले. भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून ‘दीनमित्र’ अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यातूनच प्रसिद्ध केले. ‘कृषीवल’ या परंपरेतील असले, तरी त्याची प्रेरणा वेगळी होती. ‘दीनमित्रा’चा भर समाजप्रबोधनावर होता, ‘कृषीवल’ हे एका चालू लढ्याचे साधन म्हणून जन्मास आले. पंचवीस गावांत बातमी तोंडोतोंडी पोहोचे, पण खोतांच्या तडजोडीच्या अफवाही त्याच वाटेने पोहोचत. छापलेल्या शब्दाला गावात वजन असे. एकजण वाची आणि ओटीवर बसलेले दहा-वीस जण ऐकत. अशा पत्राचा प्रभाव खपाच्या आकड्यांवरून मोजता येत नाही. सरकारी रोषही त्याने ओढवून घेतला. ‘कृषीवल’मुळे नागर वाचकांच्या पलीकडे असलेल्या वर्गाची भाषा कोकणच्या पत्रव्यवहारात आली, हे त्याचे वाङ्‌मयीन नव्हे, तरी ऐतिहासिक मोल होय. पुढे ते अलिबागहून दैनिकाच्या रूपात निघू लागले.

संपाची समाप्ती १९३९ मध्ये झाली. त्यापूर्वी तत्कालीन महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी या प्रश्नात लक्ष घातले होते. त्याच वर्षी संमत झालेल्या मुंबई कूळ कायद्याने ‘संरक्षित कूळ’ ही संज्ञा प्रथम रूढ केली. १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग सहा वर्षे जमीन धारण करणाऱ्यास तीमधून सहजी काढता येणार नव्हते. संपाचा हा सरळ विजय होता, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते पूर्णतः बरोबर नाही. कारण कायदा प्रारंभी काही निवडक जिल्ह्यांपुरताच लागू झाला आणि त्याची व्याप्ती प्रांतभर होण्यास १९४६ उजाडावे लागले. शिवाय ज्याचे नाव दप्तरी नव्हते, त्याने सहा वर्षांचा कब्जा सिद्ध कसा करावयाचा, ही अडचण होतीच. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याने खंडाची कमाल मर्यादा कोरडवाहू जमिनीस पिकाच्या एक-तृतीयांश व बागाईतीस एक-चतुर्थांश ठरविली. १९४९ मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला. आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. चरीला जी मागणी मांडली गेली, तिला पूर्ण कायदेशीर रूप येण्यास अशी जवळजवळ चोवीस वर्षे लागली.

स्वातंत्र्योत्तर काळात कुलाबा जिल्हा हा १९४७ मध्ये स्थापन झालेल्या शेतकरी कामगार पक्षाचा बालेकिल्ला बनला. पाटलांचे पुत्र दत्ता पाटील व प्रभाकर पाटील हे या पक्षाचे जिल्ह्यातील प्रमुख नेते झाले. ‘कृषीवल’ही या घराण्याकडेच राहिले. चळवळीचे पत्र पक्षाचे व घराण्याचे झाल्याने त्याला आयुष्य लाभले, पण त्याचा आवाज काहीसा आखीव झाला, हेही नोंदविले पाहिजे. १९६८ मध्ये पाटलांचे निधन झाले.

त्यांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, १९७० मध्ये, नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. कळंबोली वसाहतीलगतचे रोडपाली हे अशा गावांपैकी एक. सातबाऱ्यावर कुळाचे नाव चढले होते, म्हणूनच मोबदल्याचा दावा करण्याचा अधिकार कसणाऱ्यांपाशी होता. ते नाव नसते, तर मोबदला जुन्या मालकाच्या पदरात पडला असता. हा मोबदला अपुरा असल्याच्या कारणावरून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्यू पावले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ धारकांना परत देण्याची योजना या आंदोलनातून पुढे आली. चरी येथे संपाचे स्मारक उभारण्यात आले असून २७ ऑक्टोबर या दिवशी तेथे शेतकरी जमतात.