पटका आणि शिट्टी

२०१६ चा ऑक्टोबर. त्याच वर्षी उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. नंतर पाऊस पडला, आणि आमच्या सिमेंटच्या कोर्टाच्या एका कोपऱ्यात डबकं साचलं. ते फडक्याने पुसून सतरा वर्षांखालच्या मुलांचा एक शालेय सामना सुरू होणार होता. नांदेडचा संघ पहाटे एसटीने निघून लोहा, अहमदपूर करत पोचलेला. मी पंच होतो. बी.पी.एड. नुकतंच झालेलं, गळ्यात नवी शिट्टी, खिशात नियमपुस्तकाच्या झेरॉक्सची गुंडाळी.

सामन्याआधी खेळाडूंची तपासणी करायची असते. नखं, अंगठ्या, गळ्यातले दोरे. नांदेडच्या संघात एक शीख मुलगा होता. डोक्याला काळा पटका, हातात कडं. कड्यावर त्याने आधीच पांढरी चिकटपट्टी घट्ट गुंडाळली होती, कुणाला लागू नये म्हणून. ते मी चालवून घेतलं. मग म्हणालो, “डोक्यावरचं काढावं लागेल.”

तो म्हणाला, “सर, पटका नाही काढता येत.”

त्यांचे सर आले. “सर, जिल्ह्याला असाच खेळलाय की तो. कुणीच काही म्हणलं नाही.” मी झेरॉक्स उघडून इंग्रजी ओळ दाखवली. डोक्यावरचं आवरण, केसांतल्या वस्तू, दागिने यांना परवानगी नाही. ओळ खरी होती. तो मुलगा चारही डाव बाकावर बसून राहिला. त्यांचा संघ हरला. तो खेळला असता तर जिंकला असता का, हे मला सांगता येणार नाही.

त्या दिवशी मी काय काय चालू दिलं, ते आता आठवतं. दोघांच्या हाफ पँटी वेगळ्या रंगाच्या होत्या. एकाच्या पाठीवरचा आकडा स्केचपेनने काढलेला होता आणि घामाने पसरत चालला होता. एकजण कॅनव्हासच्या फाटक्या बुटांत घसरत होता. हे सगळं त्याच पुस्तकाच्या त्याच प्रकरणात बसत नव्हतं. तिथे मी म्हटलं, जाऊ दे, गरीब शाळा आहे. नियम दाखवायला मला पटकाच सापडला.

मूळ खेळात पोशाखाचा प्रश्नच नव्हता. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नायस्मिथ यांनी तेरा नियम लिहिले. चेंडू हातात धरून पळायचं नाही, धक्का द्यायचा नाही, वगैरे. पंच दोन, एक माणसांवर लक्ष ठेवणारा आणि दुसरा चेंडूवर. त्या तेरा नियमांत कपड्यांबद्दल एक शब्द नाही. पोशाखाचे नियम पुढे आले ते दोन साध्या कारणांनी. इजा होऊ नये, आणि पंचाला खेळाडू ओळखू यावा. दुसऱ्या कारणाची एक गंमत आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांत बराच काळ जर्सीवर ४ ते १५ हेच आकडे चालत. एक, दोन, तीन बोटं पंचाला गुण आणि फ्री थ्रो दाखवायला लागत, त्यात गोंधळ नको म्हणून. अमेरिकेतल्या हायस्कूल खेळात आजही जर्सीच्या आकड्यात ५ पेक्षा मोठा अंक नसतो, कारण पंच तो एका हाताच्या बोटांनी दाखवतो. असा नियम समजायला सोपा, कुणाला खटकत नाही. डोक्यावरच्या कापडाचं मात्र तसं नव्हतं. त्याने कुणाला इजा झाल्याचं फार कुणी दाखवून दिलं नाही, तरी दागिन्यांच्या ओळीत तेही बसून राहिलं.

ही ओळ जगाच्या नजरेत आली ती जुलै २०१४ मध्ये, चीनच्या वुहानला आशिया चषकात. भारताचे अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग यांना जपानविरुद्धच्या सामन्याआधी पगडी काढायला सांगितलं गेलं. दोघांनी काढली आणि खेळले. याच स्पर्धेत भारताने चीनला चीनमध्ये ६५-५८ असं हरवलं. इतका मोठा विजय, पण बाहेरच्या बातम्यांत गाजली ती पगडी. दोन महिन्यांनी इंचॉनच्या आशियाई खेळांत कतारच्या मुलींनी हिजाब काढायला नकार दिला आणि मंगोलियाविरुद्धचा सामना सोडून दिला. फुटबॉलच्या नियमकर्त्यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये पगडी आणि हिजाबला परवानगी देऊन टाकली होती. बास्केटबॉल तेव्हा मागे राहिला.

आता माझ्या चुकीचा खरा भाग. सप्टेंबर २०१४ मध्ये फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने, नियम सैल केला होता. देशांतर्गत सामन्यांसाठी राष्ट्रीय संघटनांना सवलत मागता येणार होती. आणि आपल्याकडे तर शीख खेळाडू देशातले सामने पटका बांधूनच खेळत आले होते. म्हणजे लातूरच्या सिमेंटच्या कोर्टावर मी जे दाखवत होतो तो वुहानचा कडकपणा होता, आणि तोही दोन वर्षं शिळा. झेरॉक्सवर सवलत छापलेली नव्हती, आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं.

आणि विचारायला लांब जायचीही गरज नव्हती. नांदेडला १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला. सचखंड गुरुद्वारा एकोणिसाव्या शतकात महाराजा रणजितसिंगांनी बांधून घेतला. त्याच सुमारास निजामाच्या मुलखात आलेल्या शीख सैनिकांच्या पिढ्या इथल्याच झाल्या. गाडीपुऱ्यात, वजिराबादेत मराठी बोलणारे सरदारजी कुणाला नवीन नाहीत. गोदावरीकाठच्या या शहरात हॉकीची अखिल भारतीय स्पर्धा वर्षानुवर्षं भरते. तिथे निम्म्या डोक्यांवर पटके असतात आणि शिट्टी त्यांच्याकडे बघत नाही. मी लहानपणी मामाकडे नांदेडला गेलो की ते सामने बघायचो. तरीही अंगात पंचाचा पोशाख चढल्यावर मला एकदम पुस्तक आठवलं.

पुढच्या वर्षी, मार्च २०१७ मध्ये, अमेरिकेत मेरीलँड राज्यात असंच झालं. हायस्कूलची एक मुलगी हिजाब घालून अख्खा हंगाम, २४ सामने, संघासोबत होती. कुणी हटकलं नाही. विभागीय अंतिम सामन्याला पंचांनी नियम काढला की आवरणासाठी राज्याची लेखी परवानगी हवी. कागद नव्हता, मुलगी बाकावर बसून राहिली. मी ते फोनवर वाचलं तेव्हा “जिल्ह्याला असाच खेळलाय की तो” हे त्या सरांचं वाक्य कानात आलं. नियम वर्षभर झोपतो आणि नेमका मोठ्या सामन्याला उठतो. पंचांची बाजू मला कळते. वरच्या पातळीवर निरीक्षक बघत असतो, तक्रार होईल ही भीती असते. माझ्यामागे मात्र निरीक्षकही नव्हता.

४ मे २०१७ ला हाँगकाँगला फिबाच्या बैठकीत नवा नियम मंजूर झाला, १ ऑक्टोबरपासून लागू. म्हणजे आमच्या त्या सामन्याला जेमतेम वर्ष होत होतं. अमेरिकेतल्या हायस्कूलच्या पुस्तकातून परवानगीच्या कागदाची अट जायला २०२१ उजाडलं. नवा नियम वाचताना मला तो शहाणा वाटला. आवरण काळं, पांढरं किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचं, संघात सगळ्यांचं एकाच रंगाचं, चेहरा झाकणारं नको, बाहेर आलेला भाग नको. इजा आणि ओळख, दोन्ही जुनी कारणं परत जागेवर आली.

तो मुलगा आता बावीस-तेवीसच्या पुढे असेल. मी त्याचं नाव कधी विचारलं नव्हतं. गुणपत्रिकेत आकडा असतो, तो सात होता. नांदेडच्या त्या सरांना दोन वर्षांनी एका शिबिरात भेटलो आणि चूक कबूल केली. ते म्हणाले, “अहो, त्याने दहावीनंतर खेळणं सोडलं. तुमच्यामुळं नाही, अभ्यासामुळं.” मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. चहा त्यांनीच पाजला.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा नांदेडचा एक संघ आला. दोन शीख मुलं. जर्सी हिरवी, एकाचा पटका केशरी, दुसऱ्याचा निळा. पुस्तकाप्रमाणे दोन्ही चुकीचे. मी केशरीवाल्याच्या कड्यावरची पट्टी दाबून बघितली, घट्ट होती. दोघांच्या सरांना बाजूला घेऊन म्हणालो, उद्याच्या सामन्याला दोघांना काळा किंवा पांढरा आणा, आज खेळू द्या. “बरं सर,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी दोघंही आले. दोघांचे पटके एकाच रंगाचे होते, केशरी. मी शिट्टी तोंडात धरली आणि चेंडू वर उडवला.