पडद्यावरील डॉ. लागू आणि वऱ्हाडची कसोटी

नटाची खरी कसोटी कोठें लागते, या प्रश्नाचें उत्तर पुण्या-मुंबईच्या टीकाकारांकडे मागण्याची आपली जुनी रीत आहे. नवें नाटक तेथें उभें राहतें, नवा बोलपट तेथें प्रथम लागतो, आणि त्यांवरचा निकालही तेथेंच ठरून मग आगगाडीनें आमच्या अकोला-अमरावतीस येऊन पोंचतो. त्या निकालावर मान डोलवावी, एवढेंच काय तें वऱ्हाडांतील रसिकाच्या वांट्यास उरतें. परंतु एका थोर नटाच्या एका भूमिकेपुरता तरी हा क्रम उलटावयास हवा होता, आणि तिचा निवाडा आमच्याच कचेरींत व्हावयास हवा होता, असें आम्हांस वाटतें. तो नट म्हणजे डॉ. श्रीराम लागू, आणि ती भूमिका म्हणजे १९७७ सालच्या ‘देवकीनंदन गोपाला’ या चित्रपटांतील श्रीगाडगे महाराजांची. डॉक्टरांच्या पडद्यावरील कारकीर्दीचा विचार करतांना ‘पिंजरा’, ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ हीं नांवें सर्वांच्या ओठीं येतात. ही भूमिका मात्र बहुधा यादींतील एक ओळ होऊन राहते. आमच्या मतें ती त्या कारकीर्दीची किल्ली आहे.

हा निवाडा आमचाच कां, तें प्रथम सांगितलें पाहिजे. गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं एका परिटाच्या घरीं झाला. वडील झिंगराजी दारूपायीं अकालीं गेले, आणि आई सखुबाई लहानग्या डेबूस घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यास आपल्या माहेरीं आली. मामाच्या शेतांत राबून डेबू मोठा झाला, संसारीही झाला. आणि १९०५ सालीं घर सोडून निघाला. पुढचें चित्र आमच्या आजोबा-पणजोबांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें आहे. अंगावर चिंध्यांचें पांघरूण, जवळ एक फुटकें गाडगें आणि हातांत खराटा. गांवांत शिरावें, कोणाशीं न बोलतां रस्ते झाडावेत, आणि रात्रीं त्याच गांवाला कीर्तनास बसवून एकामागून एक प्रश्न विचारावेत. कर्ज काढून लग्न कां करतां? नवसाला बकरें कां कापतां? माणसाचा विटाळ कां मानतां? श्रोत्यानें उत्तर द्यावें आणि त्या उत्तरांतच त्यानें सांपडावें, अशी ती शैली होती. लोकांनीं दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथें धर्मशाळा उभ्या राहिल्या. बाबांच्या मालकीचें मात्र एक मडकेंच राहिलें. २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीच्या वाटेवर, वलगांवच्या परिसरांत पेढी नदीपाशीं त्यांचा देह पडला.

चित्रपट आला तेव्हां या गोष्टीस अवघीं एकवीस वर्षें झालीं होतीं. शिवाजी महाराज वा तुकोबा रंगविणाऱ्या नटास एक सोय असते: त्यांस पाहिलेला मनुष्य प्रेक्षागृहांत बसलेला नसतो. येथें तो पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत बसलेला होता. ज्यानें लहानपणीं बाबांच्या प्रश्नाला उत्तर देतांना जीभ चावली, तोच आतां तिकीट काढून पाहत होता. शिवाय बोलीची अडचण निराळीच. ‘करून राहिला’ हें आमचें क्रियापद परक्याच्या तोंडीं जरा वांकडें आलें कीं अकोल्याचा प्रेक्षक खुर्चींतून हंसतो. दिग्दर्शक राजदत्त धामणगांवचे. ज्यांच्या लेखनाचा चित्रपटास आधार होता ते गो. नी. दांडेकर परतवाड्यास जन्मलेले, आणि तरुणपणीं बाबांच्या सहवासांत राहिलेले. दिग्दर्शक घरचा, लेखक घरचा. नट तेवढा परका होता.

हा परका नट कोण होता? श्रीराम लागूंचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ रोजीं सातारा येथें झाला. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयांत शिकून ते कान, नाक व घसा यांचे शस्त्रवैद्य झाले. नाटकाचें वेड विद्यार्थिदशेपासूनचें. पुण्यास भालबा केळकर प्रभृति मंडळींबरोबर प्रायोगिक नाटकें चाललीं होतीं. परंतु पोटाचा धंदा वैद्यकीचा, आणि तोही चांगला चाललेला. आफ्रिकेंत टांझानियांतही त्यांनीं कांहीं काळ रुग्णसेवा केली. १९६९ सालीं, वयाची चाळिशी उलटल्यावर, वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकाच्या वेळीं त्यांनीं शस्त्रें खालीं ठेविलीं आणि ते पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षीं, १९७० च्या डिसेंबरांत, शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधील अप्पासाहेब बेलवलकर त्यांनीं उभा केला. मध्यमवर्गीय गृहस्थांनीं या निर्णयाचा क्षणभर आपल्या घरापुरता विचार करून पाहावा. शिकलेला, कमावता मुलगा चाळिशींत डॉक्टरी सोडून तोंडाला रंग लावतो म्हणाला, तर आपल्यांतील किती घरीं त्या रात्रीं चूल पेटेल?

पडद्यावर ते आले तेव्हां पंचेचाळिशी जवळ आली होती. नायकाचें काम सोडण्याचें हें वय. यांनीं तें धरलें. व्ही. शांतारामांच्या १९७२ च्या ‘पिंजरा’ चित्रपटांत ते श्रीधरपंत मास्तर झाले. या कथेचें मूळ १९३० च्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन बोलपटांत आहे. सदाचाराचा पुतळा असा खेड्यांतील शिक्षक तमासगिरिणीच्या नादीं लागतो. दुसऱ्याच कोणाचें प्रेत मास्तरांचें म्हणून ओळखलें जातें. गांव आपल्या देवमाणसाचा पुतळा उभारतें. आणि शेवटीं जिवंत मास्तरावरच मास्तरांच्या खुनाचा आरोप येतो. आपला पुतळा वांचावा म्हणून तो फांसावर जातो. रंगभूमीवरील नटाला शेवटच्या रांगेपर्यंत पोंचावें लागतें. कॅमेरा मात्र हातभर अंतरावर येऊन उभा राहतो. त्या अंतरावर अप्पासाहेबांचा घनगंभीर आवाज निरुपयोगी, किंबहुना धोक्याचा. ‘पिंजरा’च्या उत्तरार्धांत तुणतुणें हातीं घेऊन मुकाट उभा राहिलेला मास्तर पाहिला म्हणजे कळतें कीं, या नटानें आवाज बंद करून डोळे बोलके करण्याची विद्या पहिल्याच मोठ्या कामांत हस्तगत केली होती.

त्यानंतर डॉ. जब्बार पटेलांचा, विजय तेंडुलकरांनीं लिहिलेला ‘सामना’ आला. १९७५ सालीं तो बर्लिनच्या महोत्सवांत स्पर्धेसाठीं गेला होता. यांतही मास्तरच, पण दारूंत बुडालेला, स्वातंत्र्याच्या चळवळींतून उरलेला. निळू फुल्यांच्या साखरसम्राटाचें मीठ खाऊनही तो मारुती कांबळे या नाहीशा झालेल्या माणसाविषयींचा आपला प्रश्न सोडीत नाहीं. १९७९ च्या ‘सिंहासन’मध्यें ते अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे झाले. हिंदींत ‘घरौंदा’मधील एकाकी, श्रीमंत मोदीसाहेबांसाठीं त्यांस फिल्मफेअरचें पारितोषिक मिळालें, मृणाल सेनांच्या १९८९ च्या ‘एक दिन अचानक’मध्यें ते एके दिवशीं घर सोडून गेलेले प्राध्यापक झाले. यांखेरीज हिंदींत न्यायाधीश, डॉक्टर आणि नायिकेचा बाप अशीं किती कामें केलीं, त्यांची गणती येथें करण्याचें कारण नाहीं; त्यांतील पुष्कळशीं विसरण्याजोगींच आहेत. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, जीं कामें टिकलीं त्यांत बहुधा एकच मनुष्य निरनिराळ्या वेषांत दिसतो: ज्याच्याविषयीं लोकांच्या मनांत एक चित्र आहे, आणि ज्याला त्या चित्राखालीं जगणें जड जातें असा मनुष्य.

आतां गाडगेबाबांकडे वळूं. येथें तर चित्रच सर्वस्व होतें, आणि ज्याचें चित्र, तो चित्राचा वैरी. पायां पडूं पाहणाऱ्यास बाबा खराट्यानें हांकलीत. मीं कोणास शिष्य केलेलें नाहीं, असें सांगत. दगडाच्या देवापेक्षां भुकेल्या माणसाकडे बोट दाखवीत. अशा पुरुषाची भूमिका करण्यास कोण निवडला गेला, तर देव मुळींच न मानणारा नट. देवास निवृत्त करावें, हें डॉक्टरांचें मत पुढें महाराष्ट्रभर गाजलें. त्यासाठीं त्यांनीं सभांतून वाद केले आणि रोषही पत्करला. यावर वऱ्हाडांतील भाविक माणसानें विचारावें कीं, ज्याच्या मुखांत देव नाहीं त्यानें गोपालाचें भजन कोणत्या तोंडानें म्हणावें? हा प्रश्न खोटा नाहीं, आणि तो हंसण्यावारी नेण्याचेंही कारण नाहीं.

आमचें उत्तर असें. डॉक्टर बाबांची नक्कल करावयास गेले असते तर ते आमच्यापुढें उताणे पडले असते. त्यांनीं चमत्काराचें तेज तोंडावर चढविलें नाहीं, डोळे मिटून समाधीही लाविली नाहीं. त्यांनीं धरला तो बाबांमधील प्रश्न विचारणारा मनुष्य. आणि त्या मनुष्याशीं त्यांचें नातें खरें होतें. ‘सामना’तील मास्तर आणि खराटा घेतलेले बाबा एकमेकांपासून फार दूर नाहींत: दोघेही गांवाला अडचणीचें विचारतात. बाबांच्या ठायींची भक्ति डॉक्टरांजवळ नव्हती, हें उघड आहे; आणि भजनाच्या प्रसंगीं ती उणीव ज्यांस जाणवली त्यांस आम्ही चूक म्हणणार नाहीं. परंतु बाबांजवळचा अर्धा भाग बुद्धीचा आणि रोकड्या रागाचा होता. बाबांस संतांच्या पंक्तींत बसवून आपण तो सोयीनें विसरत चाललों होतों. तो अर्धा भाग एका नास्तिकानें आमचा आम्हांस परत आणून दिला.

याच काळांत जगाच्या दुसऱ्या टोकास असाच एक खटला चालला होता. रिचर्ड ॲटनबरोंच्या १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटांत बेन किंग्स्ले या इंग्रज नटास महात्माजींची भूमिका मिळाली. त्याच्या वडिलांचें घराणें गुजराती, आणि जन्मनांव कृष्ण भानजी. तरी वाढलेला तो इंग्लंडांतच. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामीं ज्यांनीं गांधीजींस पाहिलें होतें, असे वृद्ध त्या वेळीं आमच्याकडे पुष्कळ होते, आणि परक्यानें आमचा महात्मा करावा याची चुटपुट त्यांसही लागली होती. किंग्स्लेनें ऑस्कर मिळविलें. पण सेवाग्रामच्या परिसरांतील म्हाताऱ्याची मान हलली असेल तर तें पारितोषिक त्याहून मोठें, असें आम्ही समजतों. त्याच चित्रपटांत नामदार गोखल्यांचें छोटेंसें काम डॉ. लागूंचें होतें. हिंदुस्थान पायांखालीं घालून पाहा, हें गांधींस सांगणारे गोखले त्यांनीं थोडक्यांत आणि निगर्वीपणें केले.

एक धोका मात्र सांगितला पाहिजे. बाबांस प्रत्यक्ष पाहिलेली पिढी आतां जवळजवळ संपली. अमरावतीच्या विद्यापीठास बाबांचें नांव आहे, सरकारच्या ग्रामस्वच्छता अभियानासही आहे; परंतु आजच्या मुलाच्या मनांत बाबा कसे दिसतात असें विचारलें, तर एक तसबीर आणि पडद्यावरील डॉ. लागूंचा चेहरा, यांचें मिश्रण त्याच्या डोळ्यांपुढें येतें. ‘पिंजरा’तील गांवानें मास्तर सोडून पुतळा धरला, आपलेंही तसेंच होऊं शकतें. उत्तम नटाचा हा एक अपराधच समजावा कीं, तो मूळ माणसाच्या जागीं बसतो.

परंतु डॉक्टरांस त्या जागीं बसावयाचें नव्हतें, असें मानण्यास जागा आहे. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रास त्यांनीं ‘लमाण’ असें नांव दिलें. लमाण म्हणजे कोण, हें वऱ्हाडांतील माणसास सांगावयास नको. त्यांचे तांडे आमच्याच रानांतून आहेत. पूर्वीं पाठीवर दुसऱ्याचा माल लादून तो एका गांवाहून दुसऱ्या गांवीं पोंचविणें हा त्यांचा धंदा होता. माल त्याचा नव्हे. तो नीट पोंचविणें, वाटेंत सांडूं न देणें, एवढी जबाबदारी त्याची. नट हा लेखकाचा आणि माणसांचा लमाण, ही त्यांची समजूत होती. निळू फुले, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांसारख्यांबरोबर सामाजिक कृतज्ञता निधीसाठीं नाटकाचे प्रयोग करून पैसा जमवितांनाही तीच वृत्ति दिसली. गांवोगांव हिंडून लोकांचा पैसा लोकांच्याच कामीं लावणें, ही रीत आम्ही पूर्वीं कोठें पाहिली होती, तें सांगण्याची गरज नाहीं.

१७ डिसेंबर २०१९ रोजीं, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षीं, पुण्यास डॉक्टरांचें देहावसान झालें. तीन दिवसांनीं बाबांची पुण्यतिथि होती. वऱ्हाडच्या कचेरींतील हा निवाडा आम्ही आमच्यापुरता असा देतों कीं, माल पोंचला. थोडा वाटेंत सांडला असेल, पण जो पोंचला तो अस्सल. आतां तो घरांत घ्यावयाचा कीं ओटीवरच हार घालून ठेवावयाचा, हा प्रश्न नटाचा नव्हे, आमचा आहे.