विजयबागा

विजयबागा : पहिल्या व दुसऱ्या महायुद्धांच्या काळात अन्नाची टंचाई भरून काढण्यासाठी घराभोवतालच्या, भाडेपट्ट्याने घेतलेल्या किंवा सार्वजनिक जागेत सामान्य नागरिकांनी केलेल्या भाजीपाल्याच्या बागा. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘व्हिक्टरी गार्डन’ ही संज्ञा रूढ झाली, तर ग्रेट ब्रिटनमध्ये ही चळवळ ‘डिग फॉर व्हिक्टरी’ (विजयासाठी खणा) या घोषवाक्याने ओळखली गेली. घरगुती बाग ही हौसेची बाब न राहता राष्ट्रीय अन्ननियोजनाचा भाग बनल्याचे हे सर्वांत मोठे उदाहरण होय. थोड्या जागेत कुटुंबाला वर्षभर पुरेल इतकी भाजी काढण्यासाठी बागेची आखणी कशी असावी, याचा शासकीय पातळीवर पद्धतशीर विचार व प्रसारही याच काळात झाला.

पूर्वेतिहास : अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत ब्रिटनमधील सामाईक जमिनींना कुंपणे पडून त्या खाजगी मालकीच्या झाल्या, तेव्हा शेतमजुरांचा चराऊ रानांवरील व सरपणावरील परंपरागत हक्क संपुष्टात आला. त्याची अल्पशी भरपाई म्हणून मजुरांना भाजी पिकविण्यासाठी जमिनीचे लहान तुकडे नाममात्र खंडाने देण्याची प्रथा पडली. या तुकड्यांना ‘अलॉटमेंट’ म्हणतात. १९०८ च्या कायद्याने मागणी असेल तेथे असे तुकडे उपलब्ध करून देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी व्यापारी जहाजे बुडविण्यास सुरुवात केल्यावर पडीक जमिनी ताब्यात घेऊन त्या लागवडीसाठी देण्याचे अधिकार स्थानिक संस्थांना मिळाले आणि युद्धाच्या अखेरीस अशा तुकड्यांची संख्या सु. १५ लाखांवर गेली. अमेरिकेत १९१७ साली चार्ल्स लॅथ्रप पॅक यांनी राष्ट्रीय युद्ध-उद्यान आयोगाची स्थापना केली. शाळकरी मुलांसाठीही तेथे बागकामाची स्वतंत्र संघटना उभारण्यात आली. मात्र युद्ध संपताच दोन्ही देशांतील उत्साह ओसरला व बऱ्याच जमिनी मूळ मालकांकडे परत गेल्या.

ब्रिटनमधील चळवळ : दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटनचे सु. दोन-तृतीयांश अन्न समुद्रमार्गे येत होते. जहाजांतील जागा धान्य, मांस व युद्धसाहित्य यांसाठी राखून ठेवावयाची, तर वजनाने व आकारमानाने मोठी असलेली भाजी देशातच पिकविणे भाग होते. ऑक्टोबर १९३९ मध्ये कृषिमंत्री सर रेजिनल्ड डॉर्मन-स्मिथ यांनी नभोवाणीवरून नागरिकांना बागा करण्याचे आवाहन केले. ८ जानेवारी १९४० पासून शिधावाटप सुरू झाले. युद्धकाळात भाजीपाला व बटाटे यांवर मात्र शिधानियंत्रण नव्हते. त्यामुळे पोट भरण्याचा भार मोठ्या प्रमाणात त्यांच्यावरच पडला. आयातीवर अवलंबून राहण्यातील धोका कांद्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. ब्रिटनला लागणारा बहुतेक कांदा ब्रिटनी, चॅनल बेटे इ. ठिकाणांहून येत असे. १९४० मध्ये हे प्रदेश जर्मनीच्या ताब्यात जाताच कांदा इतका दुर्मिळ झाला, की सोडतीत तो बक्षीस म्हणून ठेवला जाऊ लागला.

१९३९ मध्ये सु. ८ लाख असलेली अलॉटमेंटची संख्या १९४३ पर्यंत सु. १४ लाख झाली. लंडनच्या टॉवरभोवतालच्या कोरड्या खंदकात, सार्वजनिक उद्यानांत, तसेच बेथ्नल ग्रीनसारख्या भागांत बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या घरांच्या जागी राडारोडा उपसून वाफे तयार करण्यात आले. सी. एच्. मिड्लटन हे दर रविवारी बीबीसीवरून बागकामाविषयी सोप्या भाषेत माहिती देत. त्यांची भाषणे अतिशय लोकप्रिय होती.

बागेची आखणी : केवळ आवाहनाने उत्पादन वाढत नाही, हे लवकरच दिसून आले. नवखे बागाईतदार वसंतात एकाच वेळी सर्व बी पेरत. परिणामी उन्हाळ्यात सॅलड व घेवडा यांची रेलचेल होई, तर हिवाळ्यात वाफे रिकामे राहत. यावर उपाय म्हणून कृषिमंत्रालयाने पत्रकांची मालिका प्रसिद्ध केली. तिच्या पहिल्या पत्रकात ९० फुट × ३० फुट (सु. २५० चौ. मी. म्हणजे सु. अडीच गुंठे) मापाच्या तुकड्याचा आराखडा दिलेला होता. वर्षातील प्रत्येक महिन्यात काही तरी ताजी भाजी मिळाली पाहिजे, हा त्यामागील उद्देश होता.

या आराखड्यात जमिनीचे तीन भाग केलेले होते : (१) वाटाणा, घेवडा, कांदा इ. संकीर्ण पिके (२) बटाटे, गाजर, पार्सनिप यांसारखी कंद व मूळ पिके आणि (३) कोबी, केल, ब्रुसेल्स स्प्राउट्स यांसारख्या हिवाळ्यात व वसंतारंभी मिळणाऱ्या पालेभाज्या. दरवर्षी हे गट एकेक भाग पुढे सरकत व तीन वर्षांनी मूळ जागी येत. या फेरपालटामुळे कोबीवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या रोगासारख्या जमिनीतील रोगांना आळा बसतो. शिंबावंत (शेंगा येणाऱ्या) पिकांच्या मुळांवरील गाठींत स्थिर झालेल्या नायट्रोजनाचा लाभ पुढील पालेभाज्यांना होतो, तसेच जमिनीच्या एकाच थरातील पोषक द्रव्ये सतत शोषली जात नाहीत. लवकर येणारे बटाटे काढल्यावर त्याच जागी लीक लावणे, सावकाश वाढणाऱ्या पिकांच्या ओळींत मुळा किंवा सॅलड घेणे व थोडे थोडे बी दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने पेरणे, या युक्तींनी तीच जमीन एका वर्षात दोनदा उपयोगात येई. घोड्यांची संख्या घटल्याने शेणखत दुर्मिळ झाले होते, म्हणून कंपोस्ट करण्यावर भर देण्यात आला. १९४२ मध्ये नायट्रोजन, फॉस्फेट व पोटॅश प्रत्येकी ७ टक्के असलेले प्रमाणित मिश्रखतही शासनाने उपलब्ध केले. [→ कंपोस्ट खत पिकांची फेरपालट].

अमेरिकेतील चळवळ : १९४१ च्या अखेरीस अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा तेथील कृषिखाते घरगुती बागांविषयी फारसे उत्सुक नव्हते. अननुभवी शहरवासी बी, खते व अवजारे वाया घालवतील, अशी त्याला भीती वाटत होती. तथापि कथिलाचा तुटवडा, डबाबंद पदार्थांवर १९४३ मध्ये आलेले शिधानियंत्रण व रेल्वेवरील ताण यांमुळे हे धोरण बदलले. त्याच वर्षी एलिनॉर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने व्हाइट हाउसच्या आवारातही भाजीचा वाफा करण्यात आला. १९४३ मध्ये देशात सु. २ कोटी बागा होत्या व ताज्या भाजीपाल्याच्या उत्पादनातील सु. ४० टक्के वाटा त्यांचा होता, असा तत्कालीन अंदाज आहे. घरगुती उत्पादनाचे वजन कोणीही नियमितपणे नोंदवीत नसल्याने हे आकडे स्थूल मानावे लागतात.

या यशाला एक काळी बाजूही आहे. पॅसिफिक किनाऱ्यावरील ताज्या भाजीपाल्याचे फार मोठे उत्पादन जपानी वंशाच्या शेतकऱ्यांच्या हाती होते. फेब्रुवारी १९४२ मधील राष्ट्राध्यक्षांच्या आदेशान्वये अशा सु. १ लाख २० हजार लोकांना घरेदारे व उभी पिके सोडून स्थानबद्धता छावण्यांत जावे लागले. त्यांपैकी सु. दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. मँझनारसारख्या रुक्ष छावण्यांतही त्यांनी भाजीच्या बागा फुलविल्या. एकीकडे कुशल बागाईतदारांना जमिनीवरून उठवावयाचे व दुसरीकडे नवशिक्यांना बागकामाचे धडे द्यावयाचे, अशी ही विसंगती होती.

भारत : १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानने जिंकल्याने तेथील तांदूळ भारतात येणे बंद झाले. त्याच वर्षी दिल्ली येथील अन्नोत्पादन परिषदेनंतर ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम सुरू झाली. तिचा मुख्य भर शेतीतील धान्यावर होता. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात किमान १५ लाख, तर नंतरच्या अनेक अभ्यासकांच्या मते सु. ३० लाख माणसे मेली. त्यांत भूमिहीन मजूर, कोळी व ग्रामीण कारागीर मोठ्या संख्येने होते. घरगुती बागेची मर्यादा येथे स्पष्ट होते. तिला जमीन, पाणी, बी व पीक हाती येईपर्यंत तग धरण्याइतके अन्न लागते. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही, त्याला धान्याचे न्याय्य वाटप व खरेदीशक्ती यांखेरीज दुसरा तरणोपाय नसतो. ब्रिटनमध्ये विजयबागा यशस्वी झाल्या, त्या समान शिधावाटपाच्या जोडीने, ही बाब महत्त्वाची आहे.

युद्धकालीन आराखडा जसाच्या तसा महाराष्ट्रात लागू पडत नाही. इंग्लंडमध्ये बागेला थंडीची अडचण असते, तर येथे उन्हाळ्यातील पाण्याची. मोरीच्या सांडपाण्यावर अळू व केळी, मांडवावर दुधी, दोडका व कारली, कुंपणाशी शेवगा आणि रब्बी हंगामात वांगी, मेथी, कोबी अशी पारंपरिक परसबागेची रचना पाण्याच्या उपलब्धतेनुसारच झालेली आहे. पिकांचा फेरपालट, टप्प्याटप्प्याने पेरणी व वर्षभराच्या गरजेचा आधी हिशेब ही तत्त्वे मात्र दोन्हींकडे समान आहेत. [→ परसबाग].

युद्धोत्तर काळ : शांतता प्रस्थापित होताच बहुसंख्य विजयबागा मोडल्या. ब्रिटनमध्ये शिधावाटप १९५४ पर्यंत चालू राहिले. तरीही उद्याने पूर्ववत करण्यात आली आणि शहरांतील अनेक तुकडे घरबांधणीसाठी गेले. लागवडदाराचा जमिनीवर कायम हक्क नसणे, हे त्याचे एक प्रमुख कारण होय. बॉस्टन येथील फेनवे (१९४२) व मिनीॲपोलिस येथील डाउलिंग (१९४३) या बागा मात्र सामूहिक उद्याने म्हणून टिकून आहेत. भारतात केंद्र शासनाने २०१९ मध्ये शालेय पोषण-बागांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या माध्यान्ह भोजनात शाळेच्या आवारातील ताज्या भाजीचा समावेश होऊ लागला. युद्धकाळात टंचाईवरील उपाय म्हणून पुढे आलेली ही कल्पना आता मुख्यतः पोषण व शिक्षण यांचे साधन म्हणून उपयोगात येत आहे.