घर पसंत पडल्यानंतर एजंट कशासाठी?

'दलाल' या शब्दाविषयी मराठी मध्यमवर्गीयांच्या मनात जुनी अढी आहे. घर आम्हीच शोधले, मग याला दोन टक्के कशाचे द्यायचे, हा प्रश्न व्यवहार पुरा होत आला की हमखास निघतो. संकेतस्थळांवर घरांची छायाचित्रे, दर आणि थेट मालकाचा दूरध्वनी क्रमांक मिळू लागल्यापासून तर ही अढी अधिकच पक्की झाली आहे. परंतु घर दाखवणे हा एजंटच्या कामातील सर्वांत सोपा भाग होय. त्याचा खरा उपयोग घर पसंत पडल्यानंतर, म्हणजे विसार देण्यापासून ताबा मिळेपर्यंतच्या काळात होतो. जुन्या सदनिकेच्या फेरविक्रीत तो विशेष जाणवतो.

ठाणे, डोंबिवली किंवा कोथरूडमधील वीस-पंचवीस वर्षांची एखादी सदनिका घ्यायची आहे असे समजू. तिची एवढ्या काळात दोन-तीनदा विक्री झालेली असते. बिल्डरबरोबरचा मूळ करार, मधल्या प्रत्येक खरेदीचा नोंदणीकृत करार, त्या प्रत्येकाची सूची क्रमांक दोन म्हणजेच 'इंडेक्स टू', मुद्रांक शुल्क भरल्याचा पुरावा, सोसायटीचे भागपत्र आणि इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र अशी ही साखळी असते. तिच्यातील एक कडी जरी निखळली, तरी बँक कर्ज अडवू शकते. मूळ करार हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वृत्तपत्रात जाहीर नोटीस, नोंदणी कार्यालयातून प्रमाणित प्रत हे सारे सोपस्कार आले आणि त्यात काही आठवडे सहज जातात. जाणता एजंट ही कागदपत्रे घर दाखवण्यापूर्वीच मालकाकडे मागतो. नवखा खरेदीदार मात्र विसाराची रक्कम देऊन बसतो आणि मग शोध घेऊ लागतो.

मालकी पती-पत्नीच्या संयुक्त नावावर असून त्यांपैकी एकाचे निधन झालेले असणे, ही तर नेहमीची अडचण आहे. सोसायटीत नामनिर्देशन केले आहे, तेव्हा प्रश्न मिटला, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः नामनिर्देशित व्यक्ती केवळ त्या कारणाने मालक ठरत नाही. वारसांचा हक्क उरतोच. परदेशी असलेल्या मुलाचे हक्कसोडपत्र किंवा मुखत्यारपत्र लागणार, हे विसार घेण्यापूर्वी सांगणारा माणस मध्ये असला, तर दोन्ही कुटुंबांचा मनस्ताप वाचतो.

विक्रेत्याच्या घरावर आधीचे कर्ज असणे हीही आता सर्वसाधारण बाब झाली आहे. अशा वेळी मूळ कागदपत्रे त्याच्या बँकेच्या ताब्यात असतात. त्या बँकेकडून कागदपत्रांची यादी आणि कर्जफेडीच्या रकमेचे पत्र घ्यावे लागते. खरेदीदाराच्या बँकेचा धनादेश विक्रेत्याच्या हाती न पडता थेट त्याच्या कर्जखात्यात जमा होतो. त्यानंतर कागदपत्रे सुटतात आणि नव्या बँकेकडे जातात. किंमत ५० लाख रुपये वा त्याहून अधिक असल्यास निवासी भारतीय विक्रेत्याला द्यावयाच्या रकमेतून एक टक्का प्राप्तिकर कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. विक्रेता अनिवासी भारतीय असेल, तर नियम वेगळे आणि कपातही बरीच अधिक. दोन बँका, वकील, सोसायटीचे सचिव आणि दुय्यम निबंधक कार्यालय यांच्या तारखा जुळवणे हे नोकरदार माणसाला रजा काढूनही जमत नाही.

दराच्या बाबतीत शासनाचे वार्षिक बाजारमूल्य दरतक्ते सर्वांना उपलब्ध आहेत. करारातील किंमत व शासकीय मूल्य यांपैकी जे अधिक, त्यावर मुद्रांक शुल्क आकारले जाते. पण प्रत्यक्ष सौदा कितीला झाला, जाहिरातीतील 'सुपर बिल्टअप' क्षेत्रफळातून चटई क्षेत्र किती निघते, उन्हाळ्यात इमारतीला टँकर लागतो का, पुनर्विकासाची बोलणी कोठवर आली आहेत, ही माहिती त्या भागात वर्षानुवर्षे काम करणाऱ्याकडेच असते. घासाघीसही त्रयस्थाच्या तोंडून झालेली बरी. समोरासमोर बोलताना 'तुमचे स्वयंपाकघर नव्याने करावे लागेल' एवढ्या वाक्यावरूनही सौदे फिसकटतात.

एजंट नेमका कोणाचा?

येथे खरेदीदाराने सावध असावे. आपल्याकडे एकच एजंट दोन्ही बाजूंकडून दलाली घेतो, आणि त्याची दलाली किमतीच्या टक्केवारीवर असते. साहजिकच किंमत कमी करून घेण्यात त्याचे हित नसते. सौदा लवकर होण्यात असते. नव्या गृहप्रकल्पात तर त्याला पैसे बहुधा विकासकच देतो. तेथे त्याच्या शिफारशीकडे विक्रेत्याच्या प्रतिनिधीचे म्हणणे म्हणूनच पाहावे. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये अभिकर्त्याची कर्तव्ये स्पष्ट केली आहेत. ज्याच्या वतीने तो काम करतो, त्याला हिशेब देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. त्याच्या संमतीवाचून तो स्वतःच्या लाभासाठी त्या व्यवहारात उतरू शकत नाही आणि गैरवर्तन केल्यास त्या कामाच्या मोबदल्यावरील हक्क गमावतो. या तरतुदींचा आधार घ्यायचा, तर काम कोणासाठी व किती मोबदल्यात, हे लेखी असणे हिताचे. प्रत्यक्षात हा व्यवहार तोंडीच चालतो, ही खेदाची बाब आहे.

नोंदणी क्रमांक विचारा

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ अन्वये नोंदणीपात्र गृहप्रकल्पातील विक्रीसाठी मध्यस्थी करणाऱ्या एजंटला नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात महारेरा १ मे २०१७ पासून कार्यरत असून तेथील एजंटच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात इंग्रजी 'ए' या अक्षराने, तर प्रकल्पाच्या क्रमांकाची 'पी' या अक्षराने होते. दोन्ही क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर पडताळता येतात. एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण होण्याची अटही महारेराने २०२३ मधील आदेशाने घातली. नोंदणीविना काम करणाऱ्यास दररोज १० हजार रुपये आणि कमाल संबंधित मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणीकृत एजंटच्या चुकीविरुद्ध महारेराकडे दाद मागता येते.

मात्र हा कायदा प्रकल्पातील विक्रीपुरता आहे. केवळ भाड्याची घरे देणारे किंवा जुन्या सोसायट्यांतील फेरविक्री करणारे एजंट त्याच्या कक्षेत येतातच असे नाही. तेथे सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येते. पण त्यासाठीही पावती हवी.

भाड्याच्या घराचे प्रकरण तुलनेने सोपे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार 'लिव्ह अँड लायसन्स' करार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ऑनलाइन नोंदणी आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे ही कामे एजंट उरकून देतो. त्याबद्दल मुंबईत साधारणपणे एक महिन्याचे भाडे घेण्याचा प्रघात आहे. अकरा महिन्यांनी त्याच घराच्या कराराचे केवळ नूतनीकरण करताना पुन्हा तेवढीच रक्कम मागितली जाते, ती देण्याचे कारण नाही. आधीच तसे ठरवून घ्यावे.

खरेदीतील दलाली सहसा प्रत्येक बाजूकडून एक ते दोन टक्के असते. एजंट जीएसटी नोंदणीकृत असल्यास तिच्यावर १८ टक्के कर पडतो. सांगितलेला आकडा करासह आहे की करावाचून, हे विचारून घ्यावे. दलाली विसाराच्या दिवशी पूर्ण देऊ नये. काही भाग करार नोंदणीच्या वेळी आणि उरलेला ताबा मिळून सोसायटीकडे हस्तांतरणाचे अर्ज दाखल झाल्यावर द्यावा. मालकी हक्काचा शोध मात्र स्वतंत्र वकिलाकडूनच घ्यावा, आणि तो एजंटने सुचवलेला नसावा.