नामावळी : गावांची नोंद ठेवणारा घरगुती धंदा

पुणे जिल्ह्यातल्या पाबळचे एखादे कुटुंब अस्थिविसर्जनासाठी किंवा सिंहस्थाच्या स्नानासाठी नाशिकच्या रामकुंडावर पोचले, की त्याला आधी गाव विचारले जाते, मग आडनाव आणि जात. तेवढ्यावर कोणत्या तीर्थोपाध्यायांच्या वाड्यात जायचे ते ठरते. तिथे नामावळीची वही उघडते आणि आजोबा-पणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होते, कोणत्या कार्यासाठी आले होते, हे वाचून दाखवले जाते. या प्रकाराकडे आपण धर्मकृत्याचा एक भाग म्हणून पाहतो. माझे म्हणणे असे, की नामावळी ही महाराष्ट्रातली जुन्यातली जुनी डिरेक्टरी आहे, ती एकेका घराण्याने धंदा म्हणून उभारली आणि तिचा इतिहास धंद्याचा इतिहास म्हणूनच लिहायला हवा. तसा तो लिहिला, तरच या वह्या इतकी वर्षे का टिकल्या आणि त्यांच्यावर कितपत विसंबावे, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळतात.

या धंद्याचे भांडवल म्हणजे वही. उपाध्यायाचे यजमानावरचे हक्क जुन्या लेखावर ठरत. ‘तुमच्या वाडवडिलांचा लेख आमच्याकडे आहे’ असे म्हणून जो त्यांची अक्षरे दाखवील, त्याच्याकडे यजमान जाई. लेख नसला तर दावा फोल. म्हणून आलेल्या माणसाकडून बाप, आजोबा, भाऊ, मुलगे, पुतणे यांची नावे विचारून घ्यायची, मूळ गाव आणि सध्याचे गाव लिहायचे, मिती घालायची आणि शेवटी त्याची सही किंवा निशाणी घ्यायची, ही शिस्त पडली. नोंद चुकली तर पुढच्या पिढीला यजमान ओळखता येत नाही आणि तो शेजारच्या वाड्यात जातो. अचूकपणाचा कस लागतो तो इथे, आणि त्यामागे पोटापाण्याचे कारण आहे. घरात वाटणी झाली की जमीन-वाड्याबरोबर यजमानही वाटले जात, वह्या विभागल्या जात किंवा त्यांच्या नकला होत. वंशपरंपरागत उपाध्येपण ही स्थावर मिळकत आहे, असे एकोणिसाव्या शतकात मुंबई हायकोर्टानेही धरले. नावांच्या यादीवरचा हक्क शेताच्या बांधासारखा मानणारी ही व्यवस्था होती, हे त्या निकालांतून दिसते.

धंद्याची वाढ प्रवासाच्या सोयीशी बांधलेली आहे. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली आणि थळ घाटातून १८६५ मध्ये. त्यानंतर पुणे जिल्ह्यातल्या माणसाला कल्याणमार्गे नाशिकपर्यंत गाडीने जाता येऊ लागले. यात्रेकरू वाढले तशा नोंदीही वाढल्या, आणि यादी मोठी झाली की शोधण्याची पद्धत कसाला लागते. इथे नामावळीची मांडणी सरकारी दप्तरापेक्षा शहाणी ठरली. एकोणिसाव्या शतकातल्या महसुली कागदांत पाबळ हे स्वतः तालुक्याचे नाव आहे. आज ते शिरूर तालुक्यातले एक गाव आहे. तालुक्यावर बेतलेली यादी अशा फेरबदलात विस्कटते. नामावळीची मुख्य खूण गाव आणि कूळ, त्यामुळे वर सुभा असो, कलेक्टर असो की जिल्हा परिषद, पाबळची पाने पाबळचीच राहतात. कर्नाटकालगतच्या सीमाभागातल्या हेळव्यांनी, म्हणजे वंशावळ सांगत फिरणाऱ्यांनी, हेच काम उलट्या दिशेने केले: ते वंशावळ घेऊन यजमानाच्या दारी गेले, ती म्हणून दाखवली आणि धान्य घेतले. दोन्हीकडे वही घराण्याची, आणि नोंद ताजी ठेवणे हाच व्यवसाय.

यावर पहिला आक्षेप असा, की डिरेक्टरी म्हटली म्हणजे ती छापून विकलेली हवी. नामावळी कधी छापली गेली नाही. खरे आहे. पण गिऱ्हाईक वही विकत घेत नसले, तरी दक्षिणेच्या रूपाने तिच्यातल्या माहितीचे मोल देतच होते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दक्षिणेच्या आशेने लिहिलेली नोंद खुशामतीची असणार. याचे उत्तर हरिद्वारच्या वह्यांनी दिले आहे. कलेतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी १९६०च्या दशकात पंड्यांच्या वह्यांतल्या नोंदी तपासून पहाडी चित्रकारांची घराणी जुळवली. पंडित सेऊ आणि त्याचे मुलगे मानकू व नैनसुख यांचे नाते त्यातून पक्के झाले आणि चित्रशैली दरबारापेक्षा घराण्याने घडते हा त्यांचा सिद्धान्त त्यावर उभा राहिला. थोरवी सांगणारी कैफियत आणि कोण कोणाचा मुलगा हे सांगणारी नोंद यांत फरक करावा लागतो. पहिली फुगवता येते. दुसरी पुढच्या खेपेला त्याच घरातला माणूस तपासतो.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो टाळू नये. जन्माने मिळालेला यजमान म्हणजे जन्माने लादलेली दक्षिणा. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ पासून ब्राह्मण पुरोहिताशिवाय विधी करण्याचा आग्रह धरला. पाबळपासून फार दूर नसलेल्या जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला बाळाजी कुसाजी पाटील यांनी तसे लग्न लावले, तेव्हा ग्रामजोशी कोर्टात गेले. पुढे सी. के. बोले यांच्या प्रयत्नांतून मुंबई इलाख्यात १९२६ मध्ये कायदा झाला आणि न बोलावलेल्या पुरोहिताचा दक्षिणेवरचा दावा संपला. माझ्या मते हा लढा न्याय्य होता. सक्ती गेल्यावरही लोक आपल्या नावाची वही शोधत क्षेत्राला जातात, यावरून माहितीला स्वतःची किंमत होती एवढे कळते. त्याने जुन्या जुलुमाचे समर्थन होत नाही. शिवाय यादीत कोण नाही, हेही पाहिले पाहिजे. नामावळी पुरुषांच्या वंशाने चालते. लेकी क्वचित, आणि आल्या तरी बहुधा कोणाच्या तरी पत्नी म्हणून. पाबळला जिची कबर आहे त्या, बाजीराव पेशव्याच्या मस्तानीची गोष्ट याच अंगाने वाचावी. पाबळ, केंदूर, लोणी ही गावे तिला मिळाली, मुलगा समशेरबहादूर पानिपतावर लढला, त्याचा वंश बांद्याचे नवाब म्हणून इतिहासात आहे. पण ती बुंदेलखंडच्या छत्रसालाची मुलगी की आणखी कोणी, यावर वाद अजून मिटलेला नाही. तिच्या माहेरची नावे विचारून लिहून ठेवणे ज्याच्या पोटापाण्याचा भाग होते, असे कोणी नव्हते.

आता अडचण लिपीची आणि कागदाची आहे. जुनी पाने मोडीत आहेत आणि मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापासून शाळांतून गेली. अमेरिकेतल्या यूटा वंशावळी संस्थेने १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून हरिद्वारसारख्या क्षेत्रांतल्या वह्यांचे मायक्रोफिल्म केले. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या वह्यांसाठीही असे पद्धतशीर काम व्हायला हवे. ते करताना वही घराण्याची मिळकत आहे हे मान्य करावे लागेल. मूळ वही त्यांच्याच वाड्यात राहावी, नकलेचा मोबदला त्यांना मिळावा, हयात माणसांची पाने बंद असावीत, आणि मोडी वाचणारा माणूस त्याच घरातून तयार व्हावा. अक्षराचे वळण आणि घरातले संक्षेप त्यालाच लवकर उलगडतील.