केडगावची मुक्ती

पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावात पंडिता रमाबाईंनी शंभरेक एकर जमीन घेतली ती फळबागेसाठी. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने त्यांच्या विधवांसाठीच्या शाळेचा, शारदा सदनाचा, खर्च दहा वर्षे चालवण्याचे कबूल केले होते आणि ती मुदत १८९८ मध्ये संपणार होती. त्यानंतर बागेच्या उत्पन्नावर थोडेफार भागेल, असा साधा व्यवहारी हिशेब होता. पुढे इथे उभ्या राहिलेल्या एवढ्या मोठ्या आश्रमाचा आराखडा तेव्हा कुणाच्या डोक्यात असेल असे वाटत नाही.

सदन सुरू झाले ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत आणि वर्ष-दीड वर्षात पुण्याला आले. इथे शिकलेल्या पहिल्या विधवांपैकी गोदूबाई, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजच्या मठात राहत असताना झाला होता. सदनात धर्मोपदेश होणार नाही असा शब्द त्यांनी दिला होता. मात्र स्वतःची प्रार्थना त्या दार उघडे ठेवून करत आणि मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये त्यावरून वादळ उठले. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली घरी नेल्या. पालकांची धास्ती अगदीच निराधार होती, असे आज म्हणता येत नाही. पण रमाबाईंनी दारही लावले नाही. गंमत म्हणजे वाँटेजच्या मठातल्या मंडळींशीही त्यांचे असेच खटके उडाले होते. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे त्यांनी त्यांना विचारले होते. ख्रिस्त त्यांनी पत्करला. त्याच्याबरोबर येणारी इंग्रजी शिस्त मुकाट्याने पत्करली नाही. त्यामुळे दोन्हीकडच्यांचा रोष वाट्याला आला.

मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या आणि रमाबाई स्वतः निघाल्या. भूक त्यांनी भोगलेली होती. १८७० च्या दशकात तीर्थयात्रेत भटकताना वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण डोळ्यांदेखत उपासमारीत गेली होती. त्या आणि भाऊ श्रीनिवास तेवढे वाचले. पुढे कलकत्त्यात भाऊही गेला, आणि लग्नाला दोन वर्षे होण्याआधीच पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले. दुष्काळी छावण्यांतून बायकामुलींना पळवणाऱ्या दलालांचा वावर त्यांनी पाहिला आणि तीनशेच्या आसपास मुली सोबत आणल्या. इतक्या मुली पुण्यात ठेवायच्या कुठे? त्यात १८९७ मध्ये प्लेग आला आणि शहरात नव्या मुली ठेवण्यास सरकारी मनाई झाली. मुली केडगावच्या माळावर गेल्या आणि तंबूंत, झोपड्यांत राहिल्या. ज्या सरकारशी रोज गाठ पडायची, त्याच्या प्लेग छावण्यांमधल्या गैरकारभारावर याच काळात रमाबाईंनी वृत्तपत्रात उघड लिहिले. तो ताप स्वतःहून ओढवून घेतलेला होता.

संस्थेला नाव मिळाले ‘मुक्ती’. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आलेल्यांतल्या किती जणी काही दिवसांतच दगावल्या असतील! ज्या जगल्या त्यांना उवा, खरूज, आमांश यांतून बाहेर काढायचे, शिस्त लावायची आणि मग अक्षरओळख करून द्यायची. विहिरी खणल्या, शेती केली, गाईगुरे पाळली. विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळीकडे बायकाच. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उघडले. आंधळ्या मुलींसाठी वेगळी सोय होती आणि रमाबाईंची मुलगी मनोरमा हिने ब्रेल शिकून ती त्यांना शिकवली. ठरावीक उत्पन्न काहीच नव्हते. भिक्षापात्र फिरवायचे नाही, देवाजवळ मागायचे, असा रमाबाईंचा नेम होता. अहवाल आणि पत्रके मात्र देशोदेशी जात, आणि मदत बहुतेक त्या वाचकांकडूनच येई. श्रद्धेच्या जोडीला छापखानाही राबत होता, हे विसरून चालणार नाही.

१९०५ च्या जूनमध्ये प्रार्थनासभांत बायका रडू लागल्या, पापे कबूल करू लागल्या, तासन्‌तास हटेनात. जगभरच्या ख्रिस्ती इतिहासांत मुक्तीचे नाव येते ते प्रामुख्याने या जागृतीसाठी. मला स्वतःला घाण्यावरच्या आणि छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायका अधिक मोलाच्या वाटतात. ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुतले. केडगावात तेच काम खरजेने भरलेल्या अंगांवर रोज, दुपारच्या उन्हात चालले होते, आणि ते करणाऱ्यांत कालपर्यंत स्वतः उपाशी असलेल्याच अनेक होत्या.

रमाबाईंना ऐकू फार कमी येई. अशा अवस्थेतही त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. शाळा न पाहिलेल्या खेड्यातल्या बाईलाही वाचता यावे, असे साधे मराठी त्यांना हवे होते. काम वर्षानुवर्षे चालले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली, अवघी चाळिशीची. संस्था जिच्या हाती द्यायची तीच आधी गेली. रमाबाईंनी भाषांतर सोडले नाही, मुद्रिते तपासत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा मृत्यू झाला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून निघाले.

पुढचा कारभार देशी-परदेशी मिशनरी मंडळींनी पाहिला. दुष्काळ सरले, आवक बदलली. टाकून दिलेली बाळे, परित्यक्ता, अंध, अपंग आणि म्हाताऱ्या बायका येत राहिल्या. १९८९ मध्ये टपाल खात्याने रमाबाईंचे तिकीट काढले. महाराष्ट्राच्या सुधारकांच्या यादीत त्यांचे नाव मात्र अजूनही धर्मांतराच्या तळटीपेसकट येते. केडगावात शाळा आणि दवाखाना चालू आहेत, आणि आश्रमातल्या अनेकींना दुसरे घर नाही.